वेगबदल, स्वयंचलित

एंजिनाचा फेरवेग व वाहनाच्या चाकाचा फेरवेग यांचे गुणोत्तर चालकाने हाताने वा पायाने न बदलता वाहनातील यंत्रणेनेच भाराप्रमाणे व वेगाप्रमाणे बदलणे यास स्वयंचलित वेगबदल असे म्हणतात. अंतर्ज्वलन एंजिनाला अशा यंत्रणेची गरज भासते, कारण कमी फेरवेगाला ते फारच थोडी प्रेरणा देते आणि स्थिर वाहनाला जागेवरून हलविण्यास तर सर्वांत अधिक प्रेरणा लागते. वाफेच्या एंजिनाला व विद्युत् चलित्राला ही अडचण नसते. म्हणून आगगाडीच्या वाफेच्या एंजिनाला दंतचक्र पेटी सहसा लागली नाही, मोटारगाडीला मात्र ती पहिल्यापासून लागली.

या यंत्रणेचा इतिहास बहुतेक ग्रंथांत अमेरिकन मोटारगाडीच्या अनुषंगाने सांगितला जातो व तो द्रवीय प्रेषणाचा, म्हणजे तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे पाठविण्याचा, इतिहास असतो. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास ही मांडणी अपुरी ठरते. येथे स्वयंचलित वेगबदल मोठ्या मोटारीतून आला नाही. तो ५० घ. सेंमी. च्या मोपेडमधून व १०० घ. सेंमी. च्या स्कूटरमधून आला आणि तेलाऐवजी रबरी पट्ट्यावर आला. हा फरक केवळ किमतीचा नाही. पट्ट्याची यंत्रणा घराच्या अंगणात उघडता येते, तिचे दोष डोळ्यांनी दिसतात व कानांनी ऐकू येतात. तेलाच्या पेटीचे तसे नाही. प्रस्तुत नोंदीत या छोट्या यंत्रणेचा इतिहास, तिचे दोषनिदान व घरगुती दुरुस्ती यांचा विचार मुख्यत्वे मिरज–सांगली परिसराच्या संदर्भात केला आहे.

इतिहास : फ्रान्समधील पानार व लव्हासॉर यांच्या मोटारींत १८९० नंतरच्या दशकात सरकत्या दंतचक्रांची पेटी रूढ झाली. फिरती दंतचक्रे एकमेकांत बळेच सरकवावी लागत असल्याने ती खडखडत व त्यांचे दाते तुटत. हेन्री फोर्ड यांच्या १९०८ सालच्या ‘मॉडेल टी’ गाडीत ग्रहीय दंतचक्रमाला होती व तिचे दोन पुढचे वेग पायाने निवडावे लागत. दाते सतत अडकलेलेच असल्याने खडखडाट टळला, तरी निवड चालकाकडेच राहिली. पुढे आलेल्या स्वयंचलित पेट्यांत ग्रहीय मालाच वापरात आली. दरम्यान जर्मनीत हेर्मान फटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांसाठी द्रवीय परिवर्तकाची कल्पना मांडली होती. जहाजाच्या टरबाइनाचा मोठा फेरवेग पंख्याला सोसेल असा कमी करणे हा तिचा हेतू होता. मोटारगाडी त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती.

या दोन धाग्यांची गाठ अमेरिकेत पडली. जनरल मोटर्स कंपनीची ‘हायड्रामॅटिक’ पेटी १९३९ मध्ये जाहीर होऊन १९४० च्या ओल्ड्‌समोबिल गाड्यांत आली. तीत द्रवीय जोड व चार वेगांची ग्रहीय माला होती. दुसऱ्या महायुद्धात हीच पेटी हलक्या रणगाड्यांत वापरली गेली, ही गोष्ट तिच्या टिकाऊपणाची साक्ष देण्यास पुरेशी आहे. १९४८ मध्ये ब्यूइकच्या ‘डायनाफ्लो’ पेटीत परिबल परिवर्तक आला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत अमेरिकेत क्लचचा पायटा असलेली कुटुंबाची गाडी विरळ होत गेली.

पट्ट्याचा धागा याहून जुना व साधा आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील मिल्टन रीव्ह्‌झ यांनी १८७९ मध्ये लाकूड कापण्याच्या करवतीचा वेग कमीजास्त करण्यासाठी बदलत्या व्यासाच्या कप्प्यांची योजना केली. मोटारगाडीत तिला खरे यश मिळाले ते नेदर्लंड्समध्ये. हब व्हान डोर्न यांच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये ‘डाफ ६००’ ही छोटी गाडी पुढे आणली. तिच्या ‘व्हेरिओमॅटिक’ प्रेषणात रबरी पट्टे व केंद्रोत्सारी वजने होती. गाडीची थट्टा पुष्कळ झाली, पण तत्त्व टिकले व लवकरच ते मोपेड आणि स्कूटर यांत उतरले.

भारतात रस्त्यावरील वाहनांआधी रेल्वे एंजिनांत स्वयंचलित प्रेषणावर उल्लेखनीय काम झाले. मन मोहन सूरी यांनी डीझेल एंजिनांसाठी द्रवीय व यांत्रिक प्रेषणांचा मेळ घालणारी यंत्रणा सिद्ध केली. त्यांना १९६२ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीने रेल्वे एंजिनांसाठी द्रवीय प्रेषणे तयार केली. सर्वसामान्य माणसाच्या हाती मात्र हे तंत्र यातून आले नाही.

महाराष्ट्रातील प्रसार : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट व पुढे पद्मिनी या गाड्या बाहेर पडत. या गाड्यांचा वेगबदलाचा दांडा सुकाणूच्या खांबावर असे आणि तो हातानेच हलवावा लागे. परवाना-नियंत्रणाच्या काळात स्वयंचलित पेटीची देशी मोटारगाडी सामान्य ग्राहकाला उपलब्ध नव्हती. बजाज कंपनीच्या स्कूटरला डाव्या मुठीवर क्लच व वेगबदल दोन्ही असत. मूठ पिळण्याची ती सवय एकदा जडली की सोपी वाटे. परंतु ती न जमल्याने स्कूटर सोडून दिलेली माणसे प्रत्येक गावात होती.

पुण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंग कंपनीने १९७२ मध्ये ‘लूना’ ही मोपेड बाजारात आणली. हस्तीमल फिरोदिया यांच्या या कंपनीने इटलीतील प्याज्जो कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडचा आधार घेतला होता व तिचा कारखाना अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे होता. लूनाला सायकलीसारखे पायटे होते आणि क्लच केंद्रोत्सारी होता. एंजिनाचा वेग वाढला की तो आपोआप धरी, कमी झाला की सुटे. म्हणजे वेगबदल असा नव्हता, पण चालकाने क्लच दाबण्याचे काम संपले होते. त्याच कंपनीने जपानच्या होंडा कंपनीच्या सहकार्याने १९८४ मध्ये ‘कायनेटिक होंडा’ स्कूटर आणली. तिचे उत्पादन मध्य प्रदेशातील पीतमपूर येथे होई. ९८ घ. सेंमी. चे द्विधाव एंजिन, बटणाने होणारा प्रारंभ आणि पट्ट्यावरील अखंड स्वयंचलित वेगबदल ही तिची वैशिष्ट्ये. बजाजची ‘सनी’ १९९० मध्ये आली. होंडाने १९९८ मध्ये कायनेटिकशी असलेली भागीदारी सोडली व २००१ मध्ये स्वतःच्या भारतीय कंपनीमार्फत ‘अ‍ॅक्टिव्हा’ आणली. त्यानंतर दांड्याची वा मुठीची वेगपेटी असलेली स्कूटर काही वर्षांतच बाजारातून मागे पडली.

कायद्यानेही या प्रकाराला वेगळे स्थान दिले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘गिअर नसलेली मोटारसायकल’ व ‘गिअर असलेली मोटारसायकल’ हे अनुज्ञप्तीचे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. शास्त्रीय दृष्ट्या पहिले नाव चुकीचे आहे. अशा वाहनाच्या मागच्या चाकाशी वेग कमी करणारी दंतचक्रे असतातच आणि त्यांना तेलही लागते. नाव ‘गिअर नसलेली’ पडल्याने ते तेल बदलावे लागते हेच पुष्कळ मालकांना ठाऊक नसते व वर्षानुवर्षे ते बदललेही जात नाही.

मिरज व सांगली ही दहा-एक किलोमीटरांवरील जुळी शहरे कृष्णेच्या सपाट खोऱ्यात वसलेली असून १९९८ पासून कुपवाडसह त्यांची एकच महानगरपालिका आहे. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयापासून हे गाव वैद्यकीय उपचारांचे केंद्र बनले. रुग्णालये, महाविद्यालये, विश्रामबाग येथील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) आणि औद्योगिक वसाहती या दोन शहरांत व त्यांच्या मधल्या पट्ट्यात विखुरल्या आहेत. अवेळी पाळी असलेल्या परिचारिकेला, शिक्षिकेला किंवा वयस्क डॉक्टरला अशा ठिकाणी स्वतःचे वाहन असणे म्हणजे बसच्या वेळापत्रकातून सुटणे होय. साडी नेसून, एक हात क्लचवर व एक पाय वेगबदलावर ठेवून मोटारसायकल चालविणे त्यांतील बहुतेकींना अशक्यप्राय होते. या स्वातंत्र्यात बटणाच्या प्रारंभाचा वाटा पट्ट्याइतकाच आहे, हे मान्य केले पाहिजे. लाथ मारून सुरू करावी लागणारी स्कूटर कितीही स्वयंचलित असली, तरी ती अनेकींसाठी निम्मीच स्वयंचलित ठरली असती.

दुरुस्तीची परंपरा : नवे वाहन पसरते ते ते दुरुस्त करणाऱ्या हातांच्या आधारावर. या प्रदेशात त्याची पूर्वपीठिका होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभच १८८८ मध्ये बेळगाव येथील सायकलींच्या दुकानातून झाला. १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानात वसविलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. ओतकाम, कातकाम व जोडकाम जाणणाऱ्या कारागिरांची फळी तिच्यामुळे या भागात उभी राहिली. मिरजेतच याहून जुने उदाहरण आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये दुरुस्त करण्यास व पुढे घडविण्यास प्रारंभ केला आणि मिरज सतारी व तंबोऱ्यांसाठी देशभर प्रसिद्ध झाली. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. दुरुस्तीतून निर्मितीकडे जाण्याची ही वाट सर्वत्र सारखी आहे. तंबोऱ्याची जवारी कानाने लावणारा कारागीर आणि पट्ट्याचा आवाज ऐकून दोष सांगणारा फिटर यांतील साम्य मात्र फार ताणू नये. दुसऱ्याच्या हाताशी मोजपट्टी असते व त्याने ती वापरली पाहिजे.

रचना व कार्य : पट्ट्याच्या यंत्रणेत दोन कप्प्या, एक इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या छेदाचा दातेरी रबरी पट्टा व केंद्रोत्सारी क्लच हे मुख्य भाग असतात. पुढची कप्पी एंजिनाच्या भुजादंडावर बसविलेली असून तिची एक तबकडी पक्की व दुसरी सरकती असते. सरकत्या तबकडीच्या पाठीमागे उतरत्या खाचांत सहसा सहा जड रोलर असतात. एंजिनाचा वेग वाढला की रोलर बाहेर फेकले जातात व उतारावर चढून तबकडीला पक्क्या तबकडीकडे ढकलतात. दोहोंमधील खाच अरुंद होते, पट्टा परिघाकडे सरकतो व पुढच्या कप्पीचा परिणामी व्यास वाढतो. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्याने मागच्या कप्पीत तो त्याच वेळी केंद्राकडे ओढला जातो व तेथील जाड स्प्रिंग दाबून तबकड्या फाकवितो. अशा रीतीने टप्प्यांशिवाय वेग बदलतो. या पुढच्या कप्पीला गॅरेजमध्ये ‘व्हेरिएटर’ म्हणतात.

चढणीवर भार वाढला की मागच्या कप्पीतील तिरक्या खाचा तबकड्यांना पुन्हा जवळ आणतात, पट्टा मागे बाहेर सरकतो व वाहन आपोआप खालच्या वेगात येते. चालकाने काहीच न करता ही जाण यंत्राला येते, आणि तीही तेलाचा दाब, झडपा किंवा विद्युत् मंडल यांपैकी कशाचीही मदत न घेता. यंत्ररचनेतील काटकसरीचा याहून चांगला नमुना नित्याच्या वापरातील वस्तूंत क्वचितच आढळेल. मागच्या कप्पीलगत क्लच असतो. त्याचे शू ठराविक फेरवेगाला उघडून भोवतालच्या डब्याला घट्ट धरतात व डब्यापासून दंतचक्रांमार्फत शक्ती चाकाला मिळते. शू डब्याला धरत नाहीत तोवर एंजिन व पट्टा फिरत राहतात, पण वाहन जागचे हलत नाही.

दोषनिदान : सर्वप्रथम दोष वेगबदलाचाच आहे ना हे पाहावे. घासणारा ब्रेक, कमी हवेचा टायर, तुंबलेला हवा गाळक किंवा कार्ब्युरेटरातील कचरा यांमुळेही वाहन ‘ओढत नाही’. मधल्या स्टँडवर उभे करून, एंजिन बंद ठेवून मागचे चाक हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले व एंजिनाचा आवाज निरोगी असला, तरच पट्ट्याच्या झाकणाकडे वळावे. हाताने चाक फिरविताना घरघर ऐकू आली, तर दोष चाकाच्या धारव्यात किंवा दंतचक्रांत आहे, पट्ट्यात नाही. पट्ट्याचा संशय घेऊन नवा पट्टा बसविला व घरघर तशीच राहिली, असे प्रकार नेहमीचे आहेत.

एंजिन जोरात फिरते पण वाहन हलत नाही, हे लक्षण अचानक व फटका बसल्यासारख्या आवाजासह आले असेल, तर पट्टा तुटला आहे. हळूहळू आले असेल, तर क्लचचे अस्तर झिजले आहे किंवा त्यावर तेल आले आहे. जागेवरून निघताना वाहन थरथरत असेल, तर शूंचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो किंवा डब्यात धूळ साचलेली असते. एंजिन संथ चालत असताना, मूठ न पिळता वाहन पुढे सरकू लागले, तर शूंच्या छोट्या स्प्रिंगा तुटल्या आहेत किंवा एंजिनाचा संथ वेग जास्त ठेवला आहे. हा दोष त्रासाचा नसून धोक्याचा आहे. गर्दीत उभे असलेले वाहन त्यामुळे पुढच्यावर जाते.

सर्वांत फसवे लक्षण वेगाचे असते. निघताना ओढ चांगली पण वरचा वेग पूर्वीइतका नाही, ही तक्रार असेल, तर पट्टा रुंदीला झिजला आहे किंवा रोलर पूर्ण बाहेर जात नाहीत. उलट निघतानाच वाहन मरगळलेले, पण एकदा धावू लागले की ठीक, असे असेल, तर सरकती तबकडी बाहेरच अडकून राहते वा मागची स्प्रिंग ढिली पडली आहे, म्हणजे वाहन वरच्या वेगातच निघत आहे. मध्येच ठराविक वेगाला झटका बसत असेल, तर रोलर पाहावेत. ते गोल असावे लागतात. झिजून त्यांना एक सपाट बाजू येते व मग ते घरंगळण्याऐवजी घसरतात आणि अडकतात.

पट्टा कोठपर्यंत चढतो हे पाहण्याची एक जुनी व बिनखर्ची युक्ती आहे. पुढच्या कप्पीच्या पक्क्या तबकडीवर केंद्रापासून कडेपर्यंत शाईच्या पेनाने एक सरळ रेघ ओढावी, झाकण बसवून मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारावी व पुन्हा उघडावे. पट्ट्याने जेवढी रेघ पुसली तेवढाच त्याचा प्रवास. कडेजवळची बरीच रेघ शिल्लक राहिली, तर वरचा वेग का मिळत नाही याचे उत्तर समोर असते. पट्ट्याची रुंदी व्हर्निअरने मोजावी. नवा पट्टा २२ मिमी. रुंदीचा असल्यास २१ मिमी. ला तो बदलण्यास योग्य झाला असे समजतात. दात्यांच्या मुळाशी पट्टा उलटा वाकवून भेगा पाहाव्यात. मापात बसणारा पण भेगा पडलेला पट्टा ठेवू नये.

दुरुस्ती : झाकण काढणे, धूळ पुसणे, पट्टा व रोलर बदलणे ही कामे साध्या पान्यांनी होतात. खरी अडचण पुढच्या कप्पीच्या नटाची असते, कारण भुजादंड त्याच्याबरोबर फिरतो. कप्पीच्या पंख्यात पेचकस अडकवून नट सोडविण्याचा मोह होतो व पंख्याची पाती तुटतात. कप्पी धरण्याचे साधन भाड्याने वा उसने मिळते; तेच वापरावे. रोलर व त्यांच्या खाचा कोरड्या ठेवावयाच्या असतात. जेथे घर्षण तेथे ग्रीस, या समजुतीने तेथे ग्रीस भरले जाते. ते पुढे पट्ट्यावर उडते व पट्टा घसरू लागतो. भुजादंडाचे सील गळत असेल, तर नवा पट्टाही काही दिवसांत तेलकट होईल. आधी सील बदलावे.

नवा पट्टा बसविताना होणारी एक चूक विशेष नोंदण्याजोगी आहे. पट्टा मागच्या कप्पीत बोटांनी खोल दाबून पुढे पुरेसा सैल करून घेतला नाही, तर पुढची पक्की तबकडी बसविताना तो तिच्या व सरकत्या तबकडीच्या मध्ये चिमटला जातो. नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण तो पट्ट्यावर घट्ट झालेला असतो, दंडावर नाही. थोडे अंतर जाताच पट्टा सरकतो, नट ढिला होतो व तबकडी दंडाच्या खाचा खाऊन टाकते. काहीशे रुपयांच्या पट्ट्यापायी भुजादंड बदलण्याची पाळी येते. नट आवळण्यापूर्वी पुढची कप्पी हाताने फिरवून पट्टा मोकळा आहे याची खात्री करणे एवढाच यावर उपाय आहे.

काही गोष्टी घरी करू नयेत. मागच्या कप्पीच्या मधल्या मोठ्या नटामागे दाबलेली स्प्रिंग असते. योग्य शिकंज्याशिवाय तो नट सोडल्यास क्लचचा संच तोंडावर उडतो. झाकण काढून एंजिन चालविणे, विशेषतः पदर, ओढणी किंवा सैल बाही जवळ असताना, प्राणघातक ठरू शकते. क्लचची धूळ फुंकून उडवू नये. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टस असे. ओल्या फडक्याने ती पुसावी.

कृष्णेच्या पुरांनी या परिसरात दुरुस्तीचा एक वेगळाच अध्याय घातला. २००५, २०१९ व २०२१ मध्ये सांगली शहराचा मोठा भाग व मिरजेचा नदीकाठ पाण्याखाली गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपलीकडे चढले, तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बुडालेल्या स्कूटरच्या पट्ट्याच्या कोठीत हवेच्या मार्गाने गाळ शिरतो. अशा वाहनाचे बटण दाबून पाहणे ही पहिली प्रतिक्रिया असते व तीच सर्वांत महाग पडते. एंजिनात पाणी असल्यास भुजा वाकते आणि पट्टा गाळासह फिरल्याने कप्प्यांच्या गुळगुळीत बाजू ओरखडतात. प्रथम विद्युत् घटाची जोडणी काढावी, झाकण उघडून स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा, कप्प्या व क्लच पुसून सावलीत वाळवावे. मागच्या दंतचक्रांचे तेल काढून पाहावे. ते दुधासारखे पांढुरके निघाल्यास पाणी शिरले आहे असे समजून नवे तेल भरावे, थोडे चालवून तेही पुन्हा बदलावे. एंजिनाचे तेल व स्पार्क प्लग यांची तपासणी झाल्यावरच बटणाला हात लावावा. हे काम उशिरा केले, तर धारवे गंजतात आणि मग गॅरेजच्या रांगेशिवाय गत्यंतर नसते. पुरानंतरची ती रांग आठवडेच्या आठवडे सरत नाही.

मोटारगाड्यांतील स्थिती : द्रवीय पेटीच्या गाडीत घरी करता येण्याजोगे काम थोडे, पण महत्त्वाचे आहे. मोजपट्टी दिलेली असल्यास निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने, सामान्यतः गाडी सपाट जागी उभी करून, तेल गरम व एंजिन चालू असताना पातळी पाहावी. तेल कमी असल्यास पेटी वेग उशिरा बदलते आणि ‘डी’ मध्ये टाकल्यावर क्षणभर थांबून मग धक्का देते. तेलाचा रंग काळपट व वास जळका असल्यास आतील घर्षणपट्ट्या जळू लागल्या आहेत. गुलाबी व दुधाळ असल्यास शीतकातील पाणी तेलात मिसळत आहे. दोन्ही वेळा गाडी चालविणे थांबवावे. अशी गाडी चालक चाके जमिनीवर ठेवून दूरवर ओढून नेऊ नये, कारण एंजिन बंद असताना पेटीचा तेलपंप चालत नाही व फिरणारे भाग कोरडे पडतात. घाटात बंद पडलेली गाडी दोरीने बांधून ओढण्याच्या आपल्याकडील सवयीने अनेक चांगल्या पेट्या वाया गेल्या आहेत.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या ‘सेलेरिओ’ गाडीपासून भारतात स्वस्त स्वयंचलित मोटारीचे युग सुरू झाले. या प्रकारात पेटी व क्लच नेहमीचेच असतात. चालकाच्या हाताचे व पायाचे काम संगणकाच्या आज्ञेने चालणारी साधने करतात. चढावर ब्रेक न लावता मूठभर इंधन देऊन गाडी अधांतरी धरणाऱ्या चालकाच्या हाती तिचा क्लच लवकर झिजतो. क्लच बदलणे कोणत्याही चांगल्या फिटरला जमते. मात्र बदलल्यावर त्याची नवी जागा संगणकाला ‘शिकवावी’ लागते आणि त्यासाठी निदान-यंत्र लागते. येथे दुरुस्ती हातातून निसटते, आणि ती यंत्र अवघड आहे म्हणून नव्हे, तर यंत्राशी बोलण्याची किल्ली दुसऱ्याकडे आहे म्हणून. मिरजेच्या गॅरेजातील फिटरला पट्टा, रोलर व शू यांची माहिती कोणाकडे मागावी लागली नव्हती. ती झाकणाआड उघडी पडलेली होती. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले व त्यात शेती-अवजारे, भ्रमणध्वनी व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे यांबरोबर मोटारवाहनांचाही समावेश केला. सुट्या भागांची व दुरुस्तीची माहिती निर्मात्यांनी तेथे द्यावी अशी अपेक्षा आहे. निदान-यंत्राची किल्ली स्वतंत्र फिटरला मिळावी, हा मुद्दा त्या यादीत अग्रभागी असावयास हवा.

लूना २०२४ मध्ये विद्युत् वाहन म्हणून पुन्हा बाजारात आली. तिला पट्टा, रोलर, क्लच यांपैकी काहीही नाही.